जागी ठेवा तिला

मुलाला पहाटे चारला उठवा, नंतर झोपू देऊ नका, आठ वाजता माझ्याकडे आणा. ह्यात न समजण्यासारखं काय आहे ते मला कोणीतरी एकदा सांगाच. सव्वीस वर्षं मी हेच बोलतेय. छापून भिंतीवर लावलंय, खाली घड्याळाचं चित्र काढलंय, आदल्या दिवशी फोन करून आठवणही देते. पालथ्या घड्यावर पाणी. मूल येतं ते ताजंतवानं, आणि मागून त्याची आजी कौतुकाने सांगते, गाडीत छान डुलकी काढली हो त्याने.

मी हॉस्पिटलात मेंदूचे आलेख काढते. दुसऱ्या मजल्यावर, औषधांच्या कोठाराला लागून माझी खोली आहे. खिडकी एक, तिलाही जाड काळा पडदा. मूल आलं की मी टेपने त्याचं डोकं मोजते, नाकाच्या वरच्या खळगीपासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पेन्सिलीने खुणा करते, केस बाजूला सारून खुणेखुणेवर कातडी घासते आणि पेस्ट लावून चकत्या चिकटवते. प्रत्येक चकतीची वायर यंत्रात जाते, आणि मग स्क्रीनवर रेषा पळायला लागतात. हे होईपर्यंत मूल रडतं, आई रडते, आणि बाप बाहेर फोनवर बोलत असतो. त्यानंतर मूल झोपलं पाहिजे. कारण मेंदूतल्या काही भानगडी अशा असतात की जागेपणी त्यांचा फारसा मागमूस नसतो, आणि डोळा लागला की त्या सुरू होतात.

आता हे सगळं जिला पाठ, तिच्या घरची माणसं तरी शहाणी असतील असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

माझ्या धाकट्या भावाला एक मुलगी आहे, सहा वर्षांची. तिला घरात सगळे वकील म्हणतात. म्हणजे म्हणायचे. तीन वर्षांची असताना ती असा वाद घालायची की मोठ्यांच्या नाकी नऊ यायचे. दूध प्यायचंच का, ते पांढरंच का, गाईला विचारलं होतं का. माझे बाबा “वकीलसाहेब” अशी हाक मारायचे आणि ती हात मागे बांधून “बोला” म्हणत समोर उभी राहायची. साडेचार वर्षांची झाली आणि तिचं बोलणं आटत गेलं. आधी हाकेला ओ देईना. मग सांगितलेलं कळेना. मग वाक्यं तुटली, शब्द राहिले, तेही अर्धेमुर्धे. शेवटी उरलं नुसतं बोट दाखवणं, आणि समोरच्याला समजलं नाही की किंचाळणं.

कान तपासले. कान ठणठणीत. झालं, सगळ्यांना उत्तर सापडलं. “ऐकू येतं तिला, ढोंग करते,” माझी आई म्हणाली. भाऊ म्हणाला, हट्टीपणा आहे, वयाबरोबर जाईल. बाबांनी मोबाइलला शिव्या घातल्या. आणि ह्या तिघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, ते म्हणजे भावजयीचं काहीतरी चुकतंय. ती एका छापखान्यात प्रुफं तपासते, सकाळी नऊ ते पाच. आईला पोरीशी बोलायला वेळ नाही मग पोर बोलणार कशी. उचलली जीभ लावली टाळ्याला. मीही त्यातलीच. खोटं कशाला बोलू. मीच तिला एकदा म्हणाले होते, “अगं, जरा कामावरून लवकर येत जा.”

मग शाळेने चिठ्ठी दिली आणि मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे वकील आली. माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच खोलीत. ही आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. आणि आता जे सांगायचंय ते सांगताना माझी जीभ जड होते, पण आधीच सांगून टाकते, कारण माझा पुढचा सगळा संताप त्याच्यावरच उभा आहे.

त्या दिवशी ती झोपली नाही. चकत्या लावताना अशी किंचाळली की कोठारातला माणूस डोकावून गेला. बाहेर माझी आई “पोरीला छळू नका गं” करत होती, भाऊ दर पाच मिनिटांनी दार ढकलून किती वेळ म्हणून विचारत होता. परकं मूल असतं तर मी सगळ्यांना हाकललं असतं, दार लावलं असतं आणि अंधारात दोन तास मुकाट बसले असते. बसतेच मी. माझी ख्यातीच आहे तशी. पण ही माझ्याकडे हात पसरत होती, आणि मला ते बघवेना. कधीतरी रेषा जरा मंदावल्या, पापण्या जड झाल्या, तीन मिनिटं. ती पेंग होती. पेंग आणि झोप ह्यातला फरक मला मध्यरात्री उठवून विचारला तरी सांगता येईल. मी म्हटलं, पुरे झालं, आणि चकत्या काढल्या. मग तक्ता पुढे ओढला आणि “झोप नोंदली” ह्या रकान्यात बरोबरची खूण केली.

डॉक्टरबाईंकडे आठवड्याला तीस आलेख जातात. त्या आधी माझं टिपण बघतात, कारण माझं टिपण चुकत नाही. त्यांनी लिहिलं, जागेपणी आणि झोपेत आलेख सर्वसाधारण. पुढचं सगळं त्या एका कागदावर ठरलं. स्वमग्नतेकडे झुकणारं मूल आहे असं ठरलं, वेगळा वर्ग ठरला, आणि घरी आईने जास्त बोलावं असा सल्ला मिळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि ह्यातला चोर तिथेच पांढरा कोट घालून उभा होता.

मला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही. अशी एखादी खूण आपण विसरूनही जातो.

दोन महिन्यांपूर्वी, एका रविवारी, मी त्यांच्याकडे गेले होते. वकील जमिनीवर बटणांच्या रांगा लावत बसली होती. भावजय तिच्या मागे उभी राहून हाका मारत होती, एकदा, दोनदा, पाचदा. पोर हलली नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि ती चटकन वळली. “बघितलंस? ढोंगी,” आई म्हणाली.  नंतर भांडी विसळताना भावजय मला हळूच म्हणाली, “ताई, झोपेत हिच्या ओठाचा एक कोपरा उडतो. उशी लाळेने भिजते. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, स्वप्न पडत असेल.”

माझ्या हातातला पेला हातातच राहिला. चार-साडेचार वर्षांपर्यंत घडाघडा बोललेलं मूल. कान चांगले. झाकण कळतं, शब्द कळत नाही. आणि झोपेत ओठ उडतो. अशी मुलं मी पाहिली आहेत, सव्वीस वर्षांत चार. चौघांच्या मेंदूत एकच प्रकार होता. बोलणं समजून घेणारा जो भाग असतो, कानाच्या जरा वर, त्याच्या जोडण्या लहानपणी बनत असतात, आणि नेमक्या त्याच भागात झोपेत विजेचा थयथयाट चालू असायचा. चौघांतली दोन लवकर सापडली, औषध लागू पडलं, ती आज बोलतात. एकाचं बोलणं अर्धं आलं. चौथी मुलगी फार उशिरा आली होती. ती आता हातांनी बोलते.

सोमवारी साडेसातला जाऊन मी जुना आलेख काढला. चार वेळा बघितला. झोप नव्हतीच, आणि खूण माझीच होती.

शहाण्या बाईने काय केलं असतं? सरळ डॉक्टरबाईंकडे जाऊन सांगितलं असतं, बाई, माझी चूक झाली. मी गेले, आणि त्यांच्या दारात पोचेपर्यंत माझं शहाणपण जिन्यातच गळून पडलं होतं. म्हणाले, “भाचीचा आलेख पुन्हा काढावा म्हणते. झोपेतला.”

“झोपेतला आहे की. नॉर्मल आहे.”

“हो, पण तिच्या आईचं समाधान होत नाहीये.”

बघा, पुन्हा तिच्याच माथी. किती सहज निघालं माझ्या तोंडून. डॉक्टरबाईंनी सुस्कारा टाकून चिठ्ठी लिहिली. झोपेच्या आलेखासाठी आठवड्यात दोनच सकाळी असतात, महिन्याभराने नंबर लागला. मी घरी फोन केला आणि तीच तीन वाक्यं सांगितली. चारला उठवा, झोपू देऊ नका, आठला आणा. कशासाठी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मागचंही सांगावं लागलं असतं.

तर त्या दिवशी आठ वाजता गाडीतून बाबा उतरले. त्यांच्या खांद्यावर वकील, गाढ झोपलेली.

“बाबा, हे काय?”

“हळू बोल, उठेल ती,” बाबा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. लिफ्टमध्ये ती उठली, टवटवीत. दीड तास अंधारात आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. “तिचे डोळे मिटत होते गं,” बाबा नंतर म्हणाले, “मी काय चिमटे काढायचे नातीला?” मी म्हटलं, हो, तेच काढायचे होते. त्यावर त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

हातापाया पडून दोन आठवड्यांनी पुन्हा नंबर मिळवला. ह्या खेपेला बाबांना वगळलं आणि आईला बजावलं. एकदा नाही, तीनदा बजावलं. भावजयीला छापखान्यात मोठं काम होतं, रजा मिळत नव्हती, म्हणून आईच घेऊन आली. वकील उड्या मारत आली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

“आई, हिला किती वाजता उठवलं?”

“चारला. तू सांगितलंस तसं.”

“आणि मग?”

“मग दूध दिलं आणि तासभर निजवली. एवढीशी पोर, काळोखात काय करणार?”

“मी म्हणाले होते ना, पुन्हा झोपू देऊ नका.”

“ते तू एरवीच्या मुलांना सांगतेस. ही आपली आहे.”

 आठ महिन्यांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं, फक्त इतक्या स्वच्छ शब्दांत माझ्या मनात ते आलं नव्हतं. तरी मी बोललेच. तिथे कॉरिडॉरमध्ये, माणसांसमोर, आईला नको नको ते बोलले. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “तुला मूल असतं म्हणजे कळलं असतं.” ते लागलं मला. अजून लागतं. मग वकीलसाहेबांना झोपेचं औषध पाजलं, ते त्यांनी माझ्या कोटावर थुंकलं, आणि तोही दिवस पाण्यात गेला.

डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. “दोन सकाळी तुमच्या घरच्यांनी फुकट घालवल्या. बाहेर पंचवीस मुलं थांबलीयेत. पुढच्या मंगळवारी एक जण येत नाहीये, ती वेळ देते. हे शेवटचं. त्यानंतर नाव यादीच्या तळाशी, म्हणजे तीन महिने.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “आणि एवढा जीव का काढताय? तिच्या आईला समजवा ना, नॉर्मल आहे म्हणून.” तेव्हाही सांगता आलं असतं. मी मान हलवून बाहेर आले.

तीन महिने. त्या चौथ्या मुलीचे हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

सोमवारी संध्याकाळी मी भावाच्या घरी गेले आणि दारातूनच सांगितलं, उद्या आई घरी, बाबा घरी, भाऊही घरी. मी आणि भावजय, दोघीच नेणार. आई फुरंगटली. “मी काय नातीची वैरीण आहे?” बाबा म्हणाले, ह्या घरात आम्हाला किंमतच उरली नाही. भाऊ सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाला, “ताई, एकदा नॉर्मल आलंय ना? मग काय त्या टेस्टच्या मागे लागलीयेस?” खरं काय ते तेव्हाही मी गिळलं. भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. ती फक्त म्हणाली, “साडेतीनचा गजर लावते.”

पहाटे चारला मी पोचले तर घरात सगळे दिवे लागलेले. वकीलसाहेबांचं तोंड गार पाण्याने धुतलेलं, आणि टेबलावर भावजयीच्या हातचा एक कागद, सुवाच्य अक्षरात. चार ते सव्वाचार चेंडू. सव्वाचार ते साडेचार जिने. मग बटणं, मग उभ्याने दूध, मग पुन्हा जिने. दर पाव तासाला काहीतरी. प्रुफं तपासणाऱ्या बाईकडून एक ओळ सुटत नाही. सव्वीस वर्षांत एवढं नीट जागं ठेवलेलं मूल मी पाहिलं नव्हतं, आणि हीच ती बेजबाबदार आई.

सातच्या बसने निघालो. गाडी नको, भावजय म्हणाली, गाडीत झोप येते. बसमध्ये जागा असून आम्ही तिला उभीच ठेवली. वाटेत पोरीचे गुडघे मोडायला लागले तशी भावजयीने तिला काखेत धरून पुन्हा उभी केली. पोरीने भोकाड पसरलं. समोरचा एक गृहस्थ म्हणाला, “बसवा हो तिला. आई आहात की कोण?” भावजयीने मान फिरवली. मी त्या गृहस्थाला म्हणाले, तुम्ही आपला स्टॉप बघा. तो आपला स्टॉप यायच्या आधीच उतरला.

चकत्या लावताना वकील फार रडली नाही, तेवढं त्राणच नव्हतं. मी पडदा ओढला, दिवा मालवला. चार मिनिटांत तिचा श्वास संथ झाला. भावजय तिच्या पायाशी स्टुलावर बसली होती. मी स्क्रीनकडे बघत होते. आधी पेंग आली, मागच्यासारखीच. मग झोप लागली, खरी झोप. आणि मग डाव्या कानाच्या वरच्या रेषेत एक टोक उठलं, त्यामागे एक लाट. पुन्हा टोक, पुन्हा लाट. ते उजवीकडे सरकलं, मग सगळ्या रेषांत पसरलं, आणि मग थांबायचं नावच नाही. पान भरलं, पुढचं पान भरलं. मला रडायला आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

“ताई, हे काय आहे?” भावजय उठून माझ्या मागे आली होती.

मी सांगितलं. हळू आवाजात, जसं इतर आयांना सांगते तसं. तिचे कान चांगले आहेत. आवाज आत जातो. पण त्या आवाजाचा शब्द करणारी जी जागा आहे, तिथे हा गोंधळ चालतो, ती झोपली की सुरू होतो तो जवळजवळ उठेपर्यंत. वर्गात कोणी सारखं बाक बडवत असेल तर बाईंनी शिकवलेलं काय डोक्यात शिरणार, तसं. दिवसा ऐकलेलं रात्री पक्कं व्हायचं, ते होतच नाही. आधीचं होतं तेही पुसट होत जातं.

“म्हणजे आत्ता होतंय? ह्या क्षणी?”

“हो.”

तिने पलंगाकडे बघितलं. वकील तोंड उघडं टाकून झोपली होती, गाल लाल, एक हात उशीखाली. दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती शांत झोपलंय मूल.

“दिवसभर तिचे हाल बघवत नाहीत,” भावजय म्हणाली. “रात्री ती झोपली की मला वाटायचं, चला, आता तरी तिला कसला त्रास नाही. मी तिच्याजवळ बसून राहायचे, ताई. तेवढाच माझा वेळ चांगला जायचा.” मग एकदम म्हणाली, “उठवा तिला.”

“उठवून काही उपयोग नाही गं. अजून वीस मिनिटं नोंद लागते.”

“उठवा म्हणते ना. हे बघून मी वीस मिनिटं बसू?”

“आत्ता उठवलं तर पुन्हा मागच्यासारखं होईल.”

“मागच्यासारखं म्हणजे?”

खोलीत यंत्राच्या पंख्याचा आवाज येत होता. मला अजूनही काहीतरी सारवासारव करता आली असती. मी ह्या कामात इतकी मुरलेली आहे की चार शब्द असे फेकले असते, तिला कळलंही नसतं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांखाली साडेतीन वाजल्यापासूनचं काळं होतं.

“मागच्या वेळी ती झोपलीच नव्हती,” मी म्हणाले. “तीन मिनिटं पेंगली. मी लिहिलं, झोपली. डॉक्टरबाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. हे तेव्हाच दिसलं असतं.”

 भावजय स्टुलावर जाऊन बसली. वीस मिनिटं ती त्या रेषा बघत होती, एकेक पान, कामावर बघत असेल तशी. मी तिच्याकडे बघत होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडाओरडीची सवय आहे.

शेवटी तिने विचारलं, “माझ्या नोकरीमुळे नाही ना हे?”

“नाही.”

“मोबाइलमुळे?”

“नाही.”

“मी तिच्याशी कमी बोलले म्हणून?”

“नाही गं. कशानेही नाही. तू काहीही केलं असतंस तरी हे झालंच असतं.”

“मी राजीनामा दिलाय,” ती म्हणाली. “गेल्या महिन्यात. आई म्हणाल्या म्हणून. ह्या शुक्रवारी शेवटचा दिवस आहे.”

मला माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

झोपलेल्या पोरीपाशी नर्सला बसवलं आणि आलेख घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेले, भावजयीला बरोबर घेऊनच. पहिल्या वाक्यात चूक सांगितली, ह्या वेळी जिन्यात थांबले नाही. त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, हे लेखी द्या. मग बराच वेळ माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. भावजयीला औषधं समजावली, आजपासूनच सुरू करायची, भूक वाढेल, चिडचिड वाढेल, दर आठवड्याला दाखवायला आणायचं.

“बोलेल ना ती?” भावजयीने विचारलं.

“काही मुलं बोलायला लागतात. काहींचं थोडं येतं. आत्ता मी शब्द देऊ शकत नाही.” डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. “आठ महिन्यांपूर्वी थोड्या जास्त खात्रीने बोलले असते.”

परत खोलीत आलो तेव्हा वकील उठून बसली होती, डोक्यावर चकत्या तशाच. मी एकेक सोडवली. भावजयीने तिला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं, कोमट पाणी सोडलं, आणि केसांतली पेस्ट बोटांनी विरघळवायला लागली. पोर चक्क मान वाकवून उभी राहिली. एरवी डोक्याला कोणाला हात लावू देत नाही.

“आईंना फोन लावा,” भावजय माझ्याकडे न बघता म्हणाली. “आत्ता. मला सांगितलंत ते सगळं त्यांना सांगा.”

मी लावला. आईने पहिल्याच घंटेला उचलला. “झोपली का? का हिनेही घालवलं?” मी म्हणाले, आई, ऐक. आणि सांगितलं. आजाराचं सांगितलं, झोपेतल्या गोंधळाचं सांगितलं, सुनेचं ह्यात काडीचंही काही चुकलं नाही ते सांगितलं. आठ महिने कोणामुळे गेले तेही सांगितलं. 

आई म्हणाली, “सुनेला दे फोन.” तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी फोन भावजयीच्या कानाशी नेला. तिने मान बाजूला घेतली.

“हात ओले आहेत म्हणावं,” ती म्हणाली.

मी तसं सांगितलं. आई म्हणाली, बरं, होऊ दे तिचं, मी थांबते. पेस्ट सहजासहजी निघत नाही, तीन-तीनदा धुवावं लागतं. भावजयीने एकदा धुतलं, पुन्हा धुतलं, पोरीच्या कानामागे राहिलेलं नखाने हलकेच काढलं, टॉवेलने केस पुसले, आणि मग पुन्हा नळ सोडला. मी फोन हातात धरून उभी होते, आणि पलीकडे आई एक शब्द न बोलता थांबली होती.